शेडमधील पद्मिनी आणि चार मित्र

जयसिंगपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका बंद शेडचे कुलूप २०२३ च्या डिसेंबरमध्ये उघडण्यात आले. किल्ली फिरेना, म्हणून अखेर करवतीच्या पात्याने कडी कापावी लागली. आत जुन्या साच्यांच्या लाकडी पेट्या होत्या, गंजलेला एक लेथ होता आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक मोटार होती. ताडपत्री ओढताच धुळीचा लोट उठला. चारही टायर बसलेले होते आणि मागच्या आसनाच्या काथ्यात उंदरांनी संसार थाटला होता. बोनेटवरून बोट फिरवले तेव्हा धुळीखालून फिकट निळा रंग दिसला. गाडी होती १९७९ ची प्रीमियर पद्मिनी.

शेडचे मालक आण्णा ती जागा विकण्याच्या विचारात होते. भंगारवाल्याने गाडीचा दर वजनावर सांगून ठेवला होता. सोबत आलेले त्यांचे कॉलेजमित्र तात्या मात्र गाडीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "आण्णा, ही भंगारात द्यायची नाही."

"मग काय करायचं? पूजा करायची?"

"चालू करायची."

या चार शब्दांच्या संभाषणातून पुढचे दहा महिने उभे राहिले. पासष्टीच्या उंबरठ्यावरील चार मित्र त्या शेडमध्ये पुन्हा एकत्र आले. त्यांपैकी दोघे तेवीस वर्षे एकमेकांशी बोललेले नव्हते. मित्रमंडळात ज्या नावांनी ते एकमेकांना हाक मारतात, तीच नावे येथे पुरेशी आहेत: आण्णा, तात्या, दादा आणि बापू.

गाडीची कुळकथा

पद्मिनी दुरुस्त करायची असे ठरण्यामागे एक बातमी होती. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनीचे युग अधिकृतपणे संपले. वर्तमानपत्रांनी तिच्यावर निरोपाचे लेख लिहिले. ते वाचून तात्यांनी मित्रांच्या समूहावर एका ओळीत विचारले होते, "आपली अजून शेडमध्येच आहे ना?" त्या प्रश्नाला दोन दिवस कोणी उत्तर दिले नव्हते.

या गाडीचे मूळ आपल्याच प्रांतात सापडते. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नेव्हिगेशनची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली, त्या उपक्रमामागे जे होते त्यांत वालचंद अग्रभागी होते. ती बोट ज्या दिवशी निघाली तो ५ एप्रिल हा आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना आणि त्यापाठोपाठ विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना, असे एकामागून एक उद्योग त्यांनी परकीय सत्तेच्या काळात उभे केले. बोट, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात तयार झाल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता. प्रारंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने गाड्यांची जुळणी झाली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंद १९५३ मध्ये निवर्तले. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डी तयार होऊ लागली आणि १९७० च्या दशकात तिचेच नाव बदलून 'प्रीमियर पद्मिनी' झाले. लोकांनी मात्र तिला अखेरपर्यंत 'फियाट' म्हणूनच ओळखले.

१०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवरच बसवलेला गिअर आणि पुढे बाकासारखे सलग आसन, अशी तिची रचना होती. त्या काळात मोटार घ्यायची तर ॲम्बॅसिडर, फियाट किंवा स्टँडर्ड एवढेच पर्याय. पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि हे चित्र पालटू लागले. तरीही २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत पद्मिनी मध्यमवर्गाच्या लग्नकार्यांत, तीर्थयात्रांत आणि दवाखान्याच्या धावपळीत सोबत राहिली.

आण्णांच्या शेडमधली पद्मिनीही अशीच सोबतीण होती. १९४७ मध्ये सुरू झालेल्या सांगलीच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला वालचंदांचे नाव आहे, तेथूनच हे मित्र १९८२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. आण्णा आणि बापू यांनी भागीदारीत यंत्रशाळा काढली. तेलइंजिने आणि पंप यांचे सुटे भाग ते तयार करीत. १९८७ मध्ये धंद्याला जरा बरे दिवस आले, तेव्हा दोघांनी मिळून ही जुनी गाडी विकत घेतली. कागदपत्रे झाली त्या दिवशी आण्णा ऑर्डर आणायला बेळगावला गेले होते, म्हणून आरटीओच्या कागदांवर मालक म्हणून बापूंचे नाव लागले. तेव्हा त्याचे कोणालाच काही वाटले नाही.

एका वाक्याची किंमत

२००१ मध्ये भागीदारी तुटली. आण्णांना कर्ज काढून संगणकावर चालणारे यंत्र घ्यायचे होते. बापूंना कर्जाची धास्ती वाटत होती. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त होते आणि मतभेदावर ते निभावलेही असते. पण एका संध्याकाळी कामगारांच्या देखत आण्णा बोलून गेले, "पैसे नाहीत असं म्हणतोस, तर एकदा वह्याच तपासून बघायला पाहिजेत." हिशेब बापूंकडे असे. त्या वाक्यात आरोप होता की नुसता वैताग, हे आण्णांनाही तेव्हा सांगता आले नसते. दुसऱ्या दिवशी बापूंनी सगळ्या वह्या टेबलावर आणून ठेवल्या आणि ते परत आले नाहीत.

वाटणी वकिलामार्फत झाली. यंत्रे बापूंनी विकून टाकली, शेड आण्णांकडे राहिली, बापू पुण्याला मुलाकडे गेले. गाडीचा उल्लेख कुठल्याच कागदात आला नाही. मागायची कोणी आणि द्यायची कोणी, या संकोचात ती शेडमध्येच राहिली.

मित्रांनी समेटाचे प्रयत्न केले नाहीत असे नाही. पाचवे मित्र भाऊ यांनी तर दोघांना एका लग्नात शेजारी बसवले होते. दोघेही जेवून वेगवेगळ्या दारांनी निघून गेले. महाविद्यालयाच्या स्नेहमेळाव्यांत दोघांचे एकत्र छायाचित्र निघे, पण मध्ये नेहमी तिसरा कोणीतरी उभा असे. दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीचे संदेश पाठवण्याची आण्णांची शिस्त होती. त्यांच्या यादीत दीडशेवर नावे होती, त्यांत बापूंचे नव्हते. बापूंच्या यादीतही आण्णा नव्हते. ज्यांच्याशी काही बिघडलेलेच नाही, त्यांची क्षमा मागणे सोपे असते.

भाऊ करोनाच्या साथीत गेले. अंत्यविधीला कोणालाच जाता आले नाही. समेट पाहण्याची त्यांची इच्छा त्यांच्याबरोबरच गेली.

गंजलेली गाडी, अडलेले कागद

गाडी चालू करायची असे ठरल्यावर दादांनी पहिल्याच दिवशी एक वही उघडली. दादा यंत्ररेखनाचे निवृत्त प्राध्यापक असल्याने त्यांच्या वहीत प्रत्येक भागाचे रेखाटन, माप आणि तारीख आहे. पहिल्या पानावर त्यांनी तीन प्रश्न लिहिले: सांगाडा धड आहे का? इंजिन फिरते का? कागद कुठे आहेत?

जुन्या मोटारीच्या कामात हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे असतात. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे तळाला गंज लागला तर तो नुसता दिसण्याचा दोष राहत नाही, गाडीची ताकदच जाते. चालकाच्या पायाखालचा पत्रा हाताने दाबला तर चुरा होत होता. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडावा लागला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका वयस्क मिस्त्रींनी हे काम अंगावर घेतले. वरून लांबी भरून रंग मारणारे पुष्कळ असतात. या मिस्त्रींनी आधी सगळा गंज उघडा केला. "झाकलेला गंज आतनं खातोय," एवढेच ते म्हणाले.

इंजिन फिरत नव्हते. पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसले होते. अशा वेळी ताकद लावली तर आतला भाग तुटतो. स्पार्क प्लग काढून चारही छिद्रांत पातळ तेल सोडायचे, चार-आठ दिवस थांबायचे आणि मग पुढच्या पुलीचा नट पान्याने हळूच हलवून पाहायचा. नाही हलला तर पुन्हा तेल, पुन्हा थांबणे. दादांच्या वहीत दर रविवारी एकच नोंद आहे: 'नाही.' चौथ्या रविवारी लिहिले आहे: 'सुताभर.' त्याच्या पुढच्या रविवारी पुली पूर्ण फिरली आणि तिघांनी शेडमध्ये लहान मुलांसारख्या टाळ्या वाजवल्या.

हे काम ज्या पान्यांनी झाले, ते भाऊंचे होते. भाऊंच्या पत्नीने हत्यारांची पेटी स्वतः आणून दिली. "घरात ठेवून काय करू? तुमच्या हातात तरी वाजू देत," असे म्हणून त्या थोडा वेळ शेडच्या दारात बसल्या. भाऊंनी प्रत्येक पान्याच्या दांड्यावर लाल रंगाचा ठिपका दिलेला होता, कारण वसतिगृहात मित्र पाने पळवीत असत.

त्यानंतर टाकीतील कुजलेले पेट्रोल काढून टाकी धुण्यात आली. कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसलेला चिकटा साफ झाला. उंदरांनी कुरतडलेली वायर तात्यांनी नव्याने ओढली. वीज मंडळात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला सहा-सात फ्यूजची वायरिंग म्हणजे विरंगुळा होता. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या मात्र सगळ्याच बदलाव्या लागल्या. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या जातीचे रबर त्यात टिकत नाही.

काम सकाळी आठला सुरू होई. दुपारी आण्णांच्या घरून भाकरी, मुगाची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी येई. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायला हवे म्हणून पाचला हत्यारे पुसून ठेवायची, हा नियम आण्णांच्या पत्नीने घालून दिला होता. त्यांनीच एकदा तात्यांना सांगितले, "भावजी, गेल्या दहा वर्षांत हे एवढं बोललेले मी ऐकले नाहीत." गुडघेदुखी, मुलांची परदेशातली घरे, साखरेच्या गोळ्या, कधीही न सांगितलेली कर्जे, असे सारे त्या शेडमध्ये बोलले गेले. स्नेहमेळाव्यात समोरासमोर बसलेल्या माणसाला काय बोलावे हे सुचत नाही. हात नटाशी आणि डोळे कार्ब्युरेटरशी असले की बोलणे आपोआप येते. मध्येच थांबले तरी ओशाळे वाटत नाही.

दादांचा तिसरा प्रश्न मात्र तसाच उरला होता. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर परिवहन विभागाकडून गाडीची तपासणी करून दर पाच वर्षांनी ती नूतन करावी लागते. शिवाय पर्यावरण कर, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र लागते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' अशी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पण १९७९ ची ही गाडी त्या वयाला पोहोचलेली नव्हती. तिला नेहमीच्याच मार्गाने जाणे भाग होते आणि त्या मार्गावर पहिली सही लागणार होती नोंदणीकृत मालकाची. गाडी रीतसर भंगारात काढायची म्हटली असती, तरी तीच सही लागली असती.

घरात जुनी गाडी असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हौसेने आधी रंग दिला जातो आणि कागद शेवटी शोधले जातात. खर्च करण्यापूर्वी नोंदणीपुस्तक कोणाच्या नावावर आहे आणि तो मनुष्य कुठे आहे, हे आधी पाहावे.

आण्णांना तो मनुष्य कुठे आहे ते ठाऊक होते.

फोनवरचा आवाज

ऑगस्टच्या एका पावसाळी रविवारी इंजिन पहिल्यांदा पेटले. पण ते नीट चालेना. दोन मिनिटे खोकल्यासारखे आवाज काढी, मागे धूर सोडी आणि बंद पडे. तिघांनी दिवसभर खटपट केली. अखेर तात्यांनी कोणाला न विचारता फोन लावला आणि ध्वनिवर्धक सुरू करून तो इंजिनाजवळ धरला.

"बापू, काही बोलू नकोस. नुसतं ऐक."

पुण्याहून बराच वेळ काही आवाज आला नाही. कॉलेजात असताना बापू वसतिगृहाच्या खिडकीत बसून रस्त्यावरच्या मोटारसायकलींचे दुखणे आवाजावरून सांगत असत. आण्णा पाना हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभे होते. इंजिन पुन्हा बंद पडले. मग फोनमधून आवाज आला, "टायमिंग पुढं गेलंय. डिस्ट्रिब्युटर सैल कर, केसभर मागं फिरव. केसभर म्हणजे केसभरच."

तात्यांनी तसे केले. इंजिनाचा खोकला थांबला, पण आवाज अजून जड होता. बापू पुन्हा म्हणाले, "आणि त्याला म्हणावं, चोक आत ढकल. कायम विसरतो."

तो 'त्याला' कोण, हे कोणाला सांगावे लागले नाही. आण्णा काही न बोलता गाडीत वाकले. चोकची मुठी खरोखरच बाहेर ओढलेली होती. ती आत ढकलताच इंजिन एका लयीत चालू लागले. दादांच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: 'दुपारी ४.१०. इंजिन चालले. बापू बोलला.'

पुढच्या आठवड्यात तात्यांनी ब्रेकच्या सामानाची यादी बापूंना पाठवली. पुण्याची नाना पेठ म्हणजे मोटारीच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ. बापूंनी तीन दिवस दुकाने पालथी घातली आणि चारही चाकांचे रबर संच, मास्टर सिलिंडरचा संच आणि ब्रेक ऑइल असे पार्सल पाठवले. आत चिठ्ठी नव्हती, पण बिलही नव्हते. आण्णांनी पार्सल उघडून बिल दोनदा शोधले.

सामान बसवायला कोण येणार, असे तात्यांनी फोनवर विचारले तेव्हा बापू म्हणाले, "एक दिवस येतो. ब्रेकचं काम अर्धवट माणसांच्या हाती देऊ नये."

दाब, धर, सोड

बापू आले तेव्हा आण्णा शेडच्या आत होते. दोघांनी एकमेकांना पाहिले. बापूंनी चपला दाराशी काढल्या, पूर्वी काढीत तशाच. "किती वाळलास," हे आण्णांच्या ओठांवर आले होते, पण ते बोलले नाहीत. बापू सरळ गाडीखाली शिरले.

ब्रेकच्या नळ्यांत नवे ऑइल भरताना आत हवा राहते. हवा दबते, ऑइल दबत नाही. म्हणून नळीत हवेचा बुडबुडा उरला तर पाय ब्रेकवर पडतो, पण गाडी थांबत नाही. ती हवा काढण्याचे काम साध्या हत्यारांनी करायचे तर दोन माणसे लागतात. एक आत बसून पायाने ब्रेक दाबतो, दुसरा चाकामागची बारीक निपल उघडून हवा बाहेर सोडतो. बाहेरच्याने निपल बंद करण्याआधी आतल्याने पाय उचलला, तर हवा पुन्हा आत जाते आणि सारे मुसळ केरात. दोघे एकमेकांना दिसत नाहीत. काम फक्त शब्दांवर चालते.

तात्यांना त्याच वेळी अचानक महत्त्वाचा फोन आला आणि ते बाहेर गेले. दादांनी पाठ धरली असल्याचे सांगितले. आता चालकाच्या जागी बसायला उरले एकटे आण्णा.

काही क्षण शेडमध्ये शांतता होती. मग गाडीखालून आवाज आला, "दाब."

आण्णांनी पाय दाबला.

"धर."

"धरलाय."

"सोड."

तेवीस वर्षांनंतर दोघांमध्ये झालेले हे पहिले बोलणे. एका चाकाला पंधरा-वीस वेळा असे करावे लागते, आणि चाके चार. दाब, धर, सोड. दुसऱ्या चाकाला आण्णांनी विचारले, "येतेय का हवा?" तिसऱ्याला बापू म्हणाले, "घाई करू नकोस, मी सांगितल्याशिवाय पाय उचलू नकोस." चौथ्या चाकाला ब्रेक पायाखाली घट्ट लागला. आण्णांनी पाय तसाच दाबून ठेवला आणि समोरच्या काचेकडे पाहत म्हणाले,

"बापू, त्या दिवशी वह्यांचं मी बोललो, ते बोलायला नको होतं. वह्यांत काही नव्हतं. मला माहीत होतं."

गाडीखालून बराच वेळ उत्तर आले नाही. मग बापू म्हणाले, "हे ऐकायला फार वर्षं थांबलो, आण्णा." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "मीही वह्या टाकून निघून गेलो. थांबून भांडायला पाहिजे होतं."

आणि मग, "आता सोड पाय. आणि तो लाल ठिपक्याचा पाना दे."

आण्णांनी पाना खाली दिला. भाऊंचा पाना या हातातून त्या हातात गेला, हे दोघांच्याही लक्षात आले. दोघेही त्यावर काही बोलले नाहीत. बाहेर तात्या आणि दादा भिंतीला टेकून उभे होते. दादांनी त्या दिवशीच्या पानावर ब्रेकच्या मोजमापांखेरीज काहीच लिहिलेले नाही.

नाव कोणाचे

बापू एका दिवसासाठी आले होते; ते नऊ दिवस राहिले. त्या वर्षीच्या क्षमावाणीला आण्णांनी यादीतील कोणालाही संदेश पाठवला नाही. "या खेपेला एकालाच सांगायचं होतं, ते सांगून झालं," असे त्यांनी घरी सांगितले.

तुटलेले सारेच जोडले गेले, असे मात्र नाही. यंत्रशाळा परत येणार नव्हती. दोघांनी वेगवेगळे राहून काय गमावले, त्याचा हिशेब कोणी मांडला नाही. एकमेकांच्या मुलांच्या लग्नांना न गेल्याची रुखरुख दोघांच्या बोलण्यात अधूनमधून येतेच. भाऊंच्या घरी दोघे मिळून गेले, तेव्हा वहिनींनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "पाच वर्षं आधी यायचं होतंत." त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

नोंदणीच्या नूतनीकरणाच्या अर्जावर बापूंनी सही केली. तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी दिवे, भोंगा, हँडब्रेक पाहिला आणि मोकळ्या जागेत गाडी वेगाने नेऊन अचानक थांबवली. गाडी जागच्या जागी थांबली. बापूंनी आण्णांकडे पाहिले, एवढेच.

कागद हाती आल्यावर बापूंनी पिशवीतून आणखी दोन फॉर्म काढले. मालकी हस्तांतराचे २९ आणि ३० क्रमांकाचे ते फॉर्म त्यांनी पुण्याहूनच भरून आणले होते. विकणाऱ्याची सहीही केलेली होती. "गाडी तुझ्या शेडमध्ये, तुझ्या नावावर असू दे. घोळ मिटेल."

आण्णांनी फॉर्म वाचले, घडी घातली आणि परत दिले.

"नाव तुझंच राहू दे. पाच वर्षांनी पुन्हा नूतनीकरण आहे. सही करायला तुला यावं लागेल."

"पाच वर्षांनी मी सत्तरीचा असेन."

"मग त्याच्या आधीही येत जा."

शेड विकण्याचा विचार तूर्त मागे पडला आहे. फिकट निळ्या रंगाची पद्मिनी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बाहेर निघते. जयसिंगपुराहून नृसिंहवाडीपर्यंत किंवा कुंभोजच्या बाहुबली डोंगरापर्यंत जाऊन येते. पुढच्या सलग आसनावर तिघे मावतात, मागे एक जण ऐसपैस बसतो. चालवतात आण्णा, कारण गाडी त्यांच्या दारात असते. शेजारी बसतात बापू, कारण गाडी त्यांच्या नावावर आहे. चोक आत ढकलायची आठवण अजूनही त्यांनाच करून द्यावी लागते.